पी-पी करणारा डबा आणि बर्डीतलं तिसऱ्या मजल्यावरचं दुकान

नागपूरच्या सीताबर्डीत बिघडलेल्या हार्ड डिस्कमधल्या फायली परत काढून देणारं दुकान आहे, त्याला पाचपैकी चार तारे देतो. एक कापला तो कामासाठी नाही, खालच्या पाटीसाठी. जिन्याजवळच्या पाटीवर लिहिलंय, ‘१०० टक्के रिकव्हरी, गॅरंटीसह’. आणि तीन मजले चढून वर गेलं की तोच मालक सांगतो, ‘काका, गॅरंटी याच्यात कोणीच देऊ शकत नाही.’ वरचं बोलणं खरं, खालची पाटी खोटी. पाटी उतरवा भाऊ, त्या दिवशी पाचवा तारा देऊन टाकतो.

मी वडसाचा, शूटिंगवाला. कागदोपत्री गाव देसाईगंज, पण लोकांच्या तोंडी आणि रेल्वे स्टेशनवर वडसाच. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटक कंपन्यांची हापिसं आमच्याच गावात, एकाला लागून एक. भाऊबीज झाली की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. धान निघालेलं असतं, हातात पैसा असतो. रात्री उघडलेला पडदा पहाटे पडतो. थंडीत मी नाटकं शूट करतो आणि उन्हाळ्यात लग्नं. २००९ पासून हेच. सुरुवातीची पाच वर्षं मिनीडीव्ही कॅसेटवर. त्या सगळ्या कॅसेटी मी मागाहून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या, तासाला साधारण १३ जीबी, आणि उतरवल्यावर भंगारवाल्याला किलोवर दिल्या. किती रुपये आले ते विचारू नका.

नाटकांशिवाय त्यात दंडारी होत्या, म्हणजे गावातली नाच-गाण्याची जुनी लोककला. कुरखेड्याकडच्या दोन-तीन गावांतल्या, लुगडं नेसून नाचणारे म्हातारे, टाळ-ढोलकी, गॅसबत्तीच्या उजेडात. त्यातले बरेच आता नाहीत. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हापासून शिकलेसवरलेले लोक वडसाला येऊन जुनं शूटिंग मागायला लागले. तोपर्यंत मलाही वाटत नव्हतं की ते कोणी मागेल.

हे सगळं एका डब्यात होतं. २०१८ मध्ये घेतलेला चार कप्प्यांचा डबा, नेटवर्कवर चालणारा, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क. विकणाऱ्याने रेड-५ लावून दिलं, म्हणजे चारही डिस्क मिळून एकच मोठी डिस्क, आणि म्हणाला, एक डिस्क गेली तरी तुमचं काही जात नाही. ते खरंच होतं. त्याच्यापुढचं त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी मी धानाच्या हिशेबात सांगतो, मलाही तसंच समजलं. तीन भावांनी धानाचे कट्टे, म्हणजे पोती, दिले, ७, ५ आणि ९. चौथ्याने धान दिलं नाही, फक्त बेरीज लिहून ठेवली, २१. आता यातला कोणताही एक आकडा पुसला तरी बाकीच्या तिघांवरून काढता येतो. दोन पुसले की बसा डोकं धरून. डिस्कमध्ये बेरीज-वजाबाकी थोडी वेगळी असते आणि बेरीज लिहायचं काम चारही डिस्ककडे पाळीपाळीने येतं, पण तत्त्व हेच. चार डिस्कपैकी एका डिस्कएवढी जागा हिशेबात जाते, म्हणून १६ टीबीमधले १२ हाती येतात.

आता त्या रात्रीची गोष्ट. नोव्हेंबर २०२४, सीझन नुकताच लागला होता. एका नाटकाच्या जाहिरातीचा आवाज भरणं चालू होतं. कंपनीचा माणूस माइकसमोर, मी हेडफोन लावून, आणि डबा सुरू झाला, पी... पी... पी... घरची आतून म्हणाली, ‘अवो, तो डबा काहून वरडून रायला?’ स्क्रीनवर इंग्रजीत काही आलं होतं. मी वाचलं नाही. आवाज बंद करायचं बटण दिसलं, ते दाबलं. डबा चूप झाला. फायली उघडत होत्या, सेव्ह होत होत्या. मी विसरलो.

तिसऱ्या डिस्कचा दिवा हिरव्याचा नारिंगी झाला असणार. पण डब्यावर घरचीने विणलेला क्रोशाचा रुमाल होता, धूळ बसू नये म्हणून, आणि त्याची झालर बरोबर दिव्यांवर यायची. डबा ईमेलसुद्धा पाठवत होता म्हणे. तो ईमेल मी २०१८ मध्ये टाकलेला, ज्याचा पासवर्ड २०१९ पासून मलाच आठवत नाही.

पाच महिने असेच गेले. पूर्ण सीझन झाला, लग्नं सुरू झाली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी, बाहेर अंगार, लाइट दोनदा गेली आणि आली. त्यानंतर डब्यातून आवाज यायला लागला, यावेळी पी-पी नाही. टक्... टक्... टक्... मग थोडा वेळ चूप, पुन्हा टक् टक्. कॉम्प्युटरवर फोल्डर दिसेना.

यापुढे मी जे केलं ते शरमेने लिहितो, पण हे वाचून एकाने जरी हात आवरला तरी बस. डबा सहा-सात वेळा बंद-चालू केला. जणू ट्रॅक्टर आहे, एकदा तरी स्टार्ट होईल. मग डिस्क बाहेर काढल्या आणि कोणती कोणत्या कप्प्यातली ते लिहून ठेवलं नाही. मग पहिली डिस्क एका वायरने विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली. त्याने विचारलं, डिस्क इनिशियलाइज, म्हणजे नव्यासारखी तयार, करायची आहे, ओके? मी ओके केलं. मोबाइलवर कुठे तरी बघितलं होतं की डिस्क फ्रीजमध्ये ठेवली की चालते. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजपर्यंत गेलो होतो. घरची म्हणाली, ‘आधी दह्याचं गंज काढा मंग ठेवा जे ठेवायचं ते.’ त्या दह्याच्या भांड्याने वाचवलं. थंड डिस्कवर दमटपणा बसतो आणि होता नव्हता तो खेळ संपतो, हे नंतर कळलं.

फोनाफोनी केली. एकाने सांगितलं, तशीच दुसरी डिस्क घ्या आणि खालचा हिरवा बोर्ड बदला, काम फत्ते. मुंबईच्या एका ठिकाणाहून डिस्क न बघताच दीड लाख सांगितले. मग ब्रह्मपुरीच्या एका मित्राने या दुकानाचा नंबर दिला. फोनवर मालक दोनच वाक्यं बोलला: ‘आता काहीच चालू करू नका. चारही डिस्क आणि रिकामा डबा घेऊन या.’ मला तेव्हा तो मुजोर वाटला.

नागपूरला जायला आमच्याकडून एसटीच बरी. नागभीडहून नागपूरची छोटी गाडी २०१९ मध्येच बंद झाली. थर्माकोलच्या खोक्यात चार डिस्क टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतल्या. वैनगंगेच्या पुलापासून भिवापूर, उमरेडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी खोकं उचलून धरत होतो. कंडक्टरने विचारलं, ‘काय हाय, अंडे?’ मी हो म्हटलं. काय सांगायचं?

दुकान म्हणजे दोन खोल्या. बाहेर काउंटर, आत काचेचा एक कपाटासारखा खण, ज्याच्यात गाळलेली हवा सतत वाहत असते. मालक तिशीतला पोट्टा, बोलायला तुटक, हाताला सावकाश. त्याने आधी डिस्कना हातच लावला नाही. कागद पुढे ओढला.

‘काका, किती वेळा चालू-बंद केलं?’

‘दोनदा.’

तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.

‘सहा-सात,’ मी म्हटलं.

‘विंडोजला कोणती लावली? ओके दाबलं का?’

हे त्याला कसं कळलं ते मला आजही कळलं नाही. सगळेच दाबत असतील. त्याने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, इनिशियलाइज केल्याने डिस्कची सुरुवातीची आणि शेवटची थोडीशीच जागा लिहिली जाते, बाकी डिस्क तशीच असते. चारही डिस्कची मांडणी सारखीच असल्यामुळे बाकीच्या डिस्कवरून बघून ती जागा पुन्हा लिहिता येईल. ‘फॉरमॅट मारलं असतं आणि त्याच्यावर लग्न कॉपी केलं असतं, तर मग तुम्ही अंडेच आणले असते म्हणा.’ म्हणजे कंडक्टरचा किस्सा मी त्याला सांगून बसलो होतो.

या दुकानाचं खरं कौतुक इथे आहे: मूळ डिस्कवर तो काहीच करत नाही. प्रत्येक डिस्कची आधी सेक्टर-दर-सेक्टर (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा तुकडा) नक्कल काढतो, मूळ डिस्क पाकिटात घालून, नाव-नंबर लिहून बाजूला ठेवतो, आणि जो काही खेळ करायचा तो नकलेवर. चांगल्या डिस्कची नक्कल आठ-नऊ तासांत होते. त्याने हेही सरळ सांगितलं की डिस्कमधून आवाज येत नसेल आणि चारही ओळखल्या जात असतील, तर लिनक्सवर, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या सिस्टिमवर, जीएनयू डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट प्रोग्रामने हे काम घरीही होतं, त्याच्यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही. स्वतःचं गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार मी बऱ्याच दिवसांनी बघितला.

पहिली आणि चौथी डिस्क ठीक निघाल्या. चौथीवर काही खराब सेक्टर, किरकोळ. टक् टक् करणारी दुसरी होती, तिचं हेड, म्हणजे चकतीवरचं वाचणारं टोक, गेलेलं. आणि तिसरी मुळीच ओळखली जात नव्हती.

तिसरीचा बोर्ड त्याने माझ्यासमोर काढला. चार-सहा बारीक स्क्रू, मग बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला. ‘बघा.’ बोर्ड जिथे डिस्कच्या आतल्या भागाला टेकतो तिथे छोट्या छोट्या टिकल्यांची रांग असते. त्या चकचकीत पाहिजे होत्या, त्या काळपट पडल्या होत्या, काहींवर पांढरट थर.

‘डबा कूलरसमोर ठेवत होते का?’

ठेवत होतो. मे महिन्यात आमच्या खोलीत दुसरं काय करणार? डबा गरम होतो म्हणून मीच त्याला कूलरची हवा दिली होती, वाळ्याच्या गवताची, थंडगार, पाण्याने भिजलेली. सात उन्हाळे. पोट्ट्याने शाळेतलं खोडरबर काढलं, पांढरं, कोपरे झिजलेलं, आणि त्या टिकल्या हळूहळू घासल्या. फुंकर नाही मारली, ब्रशने झटकलं. बोर्ड लावला, वायर जोडली. डिस्क फिरली. ओळखली गेली. ४ टीबी.

मी उभाच राहिलो. ‘म्हणजे ही मेलीच नव्हती?’

‘नाही. तिचा संपर्क तुटत होता. डब्याने तिला बाहेर काढलं.’

‘मग झालं ना! पहिली, तिसरी, चौथी. तीन झाल्या. लावा डब्यात.’

त्याने मान हलवली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. अशा डब्यांच्या आत बहुतेक लिनक्सच असतं, आणि प्रत्येक डिस्कवर एक छोटी नोंद असते: मी कोणत्या गटातली, कितवी, आणि शेवटचं अपडेट कधी. पहिली आणि चौथी, दोन्हींवर एप्रिल २०२५ ची तारीख. तिसरीवर १४ नोव्हेंबर २०२४, रात्री साडेनऊ.

पी-पी.

माझ्या हिशेबात बोलायचं तर तीन भावांचे आकडे पाच महिने रोज बदलत होते आणि चौथ्याची वही नोव्हेंबरात थांबली होती. आता ती जुनी वही नव्या आकड्यांशी जुळवून बेरीज काढली तर उत्तर येईल, पण खोटं येईल. डब्याला जबरदस्तीने हे तीन जोडून दिले असते तर तो चालू झाला असता, फोल्डरही दिसले असते. मग त्याने स्वतःच ‘दुरुस्ती’ सुरू केली असती आणि न जुळणाऱ्या नोंदी मोडून-तोडून सरळ केल्या असत्या. पोट्टा म्हणाला, अशी दुरुस्ती केलेले डबेच जास्त येतात त्याच्याकडे, आणि तिथे मग हात टेकावे लागतात.

दुसरा प्रश्न मी विचारला तो सगळेच विचारतात. नोव्हेंबरातच नवीन डिस्क टाकून रिबिल्ड, म्हणजे बाकी तिघींवरून तिसरी पुन्हा भरून घेणं, केलं असतं तर? तो म्हणाला, तेव्हा केलं असतं तर बहुतेक वाचलं असतं, पण तेही आंधळेपणाने नाही. रिबिल्ड करताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी, सलग, एका दमात. घरगुती डिस्कच्या कागदावर कंपनी लिहिते की शंभर लाख कोटी बिटमागे फार तर एक सेक्टर वाचता येणार नाही. शंभर लाख कोटी बिट म्हणजे साडेबारा टीबी. प्रत्यक्षात डिस्क त्याच्यापेक्षा बऱ्या निघतात, पण चारही डिस्क एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेतलेल्या, एकाच कूलरसमोर म्हाताऱ्या झालेल्या. त्यातल्या तिघींना रात्रभर पळवायचं, तर आधी जे महत्त्वाचं ते बाहेर कॉपी करून घ्यायचं, मग रिबिल्ड. त्याने असंही सांगितलं की १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी ही कल्पना मांडली तेव्हा नावातच ‘स्वस्त डिस्क’ असा शब्द होता. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्त डिस्कचा जुडगा. एक गेली तरी काम थांबू नये एवढाच त्याचा उद्देश. बॅकअप हा शब्द त्याच्यात नव्हताच, तो मी डोक्यात घातला होता. चुकून फाइल डिलीट केली तर ती चारही डिस्कवरून एकाच वेळी डिलीट होते, हे तर मला आधीच कळायला पाहिजे होतं.

तर मग जीव होता तो दुसरीत, टक् टक् करणारीत.

तिचं काम मी काचेतून बघितलं, त्याने बघू दिलं. आतल्या चकत्या आरशासारख्या, त्यावर हेड तरंगतं ते केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी उंचीवर. धुळीचा एक कण त्याच्यापुढे दगडासारखा. म्हणून बाहेर टेबलावर डिस्क उघडणारा कोणी भेटला तर डिस्क परत मागा आणि निघा. हेडसाठी तशीच दुसरी डिस्क लागते, नुसती त्याच मॉडेलची नाही, आतला प्रोग्राम, बनवल्याची जागा, तारीखही शक्य तितकी जवळची. ती शोधण्यातच नऊ दिवस गेले. आणि फोनवरच्या त्या माणसाचा बोर्ड बदलायचा सल्ला? जुन्या काळी चालायचं ते. आता प्रत्येक डिस्कची स्वतःची मापं तिच्या बोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असतात. दुसऱ्याचा चष्मा घालून वाचायला बसल्यासारखं होतं, नंबरच जुळत नाही.

नवीन हेड बसल्यावर कळलं की एका चकतीच्या एका बाजूला ओरखडा आहे. मी सहा-सात वेळा चालू-बंद केलं ना, त्यातला एखादा असेल. त्याने हे तोंडावर म्हटलं नाही, मीच समजून घेतलं. आधी चांगल्या बाजू वाचून घेतल्या, ओरखड्याची शेवटी, थांबत थांबत. सहा दिवस लागले. दुसऱ्या डिस्कचे ९७.८ टक्के हाती आले. उरलेले २.२ टक्के ऐकायला कमी वाटतात. ४ टीबीचे ते ८८ जीबी होतात, आणि ते एका जागी नसतात, चाळणीच्या भोकांसारखे सगळीकडे पसरलेले.

आणि इथे त्याने जे केलं त्यासाठी मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो. तिसरीची नोव्हेंबरातली वही त्याने फेकली नाही. नोव्हेंबरनंतर डब्याच्या ज्या भागांत काहीच लिहिलं गेलं नव्हतं, तिथे जुनी वहीसुद्धा खरीच होती. माझी २००९ पासूनची नाटकं, दंडारी, त्या भागांना मी वर्षानुवर्षं हात लावला नव्हता. तर दुसरीची भोकं जिथे जुन्या भागात पडली होती तिथे त्याने तिसरीचा आधार घेतला, आणि नव्या भागात तिसरीला शिवलाही नाही. हे यंत्राने आपोआप होत नाही, कुठला भाग जुना आणि कुठला नवा ते बसून शोधावं लागतं. त्याची बोटं कीबोर्डवर आणि बाजूला शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले आकडे, मी दोनदा गेलो तेव्हा दोन्हीदा हेच दृश्य.

२४ एप्रिलला दिलं, २० मेला मिळालं. सव्वीस दिवस. या काळात फोन उचलणं हा प्रकार नाही. व्हॉट्सॲपवर दोन निळ्या रेघा येतात आणि उत्तर दुसऱ्या दिवशी, तेही ‘चालू आहे’. आमच्यासारख्या दीडशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाची त्यात काय हालत होते ते त्यांनी समजून घ्यावं. दर चार दिवसांनी दोन ओळी स्वतःहून लिहिल्या तर काय बिघडतं?

पैसे. तपासणीचे १,५०० आधी, काम झालं तर बिलात वळते. अंदाज ४५ ते ६५ हजार सांगितला होता. बिल ६२ हजार, त्यात हेडसाठीची डिस्क धरून. वर १८ टक्के जीएसटीचे ११,१६०. एकूण ७३,१६०. आकडा अंदाजात बसला, पण जीएसटी वेगळा आहे हे अंदाज देताना बोलायला पाहिजे होतं. परत न्यायला ८ टीबीची डिस्क आपलीच लागते. महाग का? नोव्हेंबरात मी आवाज बंद करायच्या ऐवजी स्क्रीन वाचली असती तर खर्च झाला असता खोडरबराचा. पण दुकानाने लावलेला दर मला वाजवी वाटला.

पैसे घेण्याआधी फायलींची यादी दाखवतात आणि कोणतीही फाइल उघडून बघू देतात, हे चांगलं. मी सकाळी अकराला बसलो तो दुपारी चारला उठलो. एक सांगतो, नुसता पहिला फोटो दिसला म्हणून व्हिडिओ ठीक समजू नका. सुरुवात, मध्य, शेवट, तिन्हीकडे ओढून बघा. दंडारीची २०११ ची फाइल लावली. गॅसबत्ती, धूर, आणि हिरवं लुगडं नेसलेले आमच्या ओळखीचे एक आजोबा घुंगरू बांधून आत आले. आत सोल्डरिंग करत असलेला हाताखालचा पोरगा उठून आला आणि विचारतो, ‘हे बाई आहे का बुवा?’ मी सांगितलं. तो पंधरा मिनिटं तिथेच उभा राहिला, आत मालक हाका मारत होता.

जे गेलं तेही सांगतो. फेब्रुवारीतलं एक लग्न. नोव्हेंबरनंतरचं, म्हणजे तिसरीचा आधार नाही, आणि भोकं नेमकी तिथे. अक्षता पडतात तिथपर्यंत ठीक, मग चित्रावर हिरवे-गुलाबी चौकोन, मग नुसता आवाज, रडण्याचा. पाठवणीच गेली. कुरखेड्याला जाऊन मुलीच्या वडिलांना बारा हजार परत दिले. त्यांनी मोजून घेतले, चहा विचारला नाही. जानेवारीतल्या एका नाटकाचा तिसरा अंक असाच. आणखी चाळीसेक फायली आहेत ज्यांची नावं गेली, आता त्यांची नावं नुसते आकडे आहेत. एकेक उघडून ओळखतो आहे, कोणाचं बारसं, कोणाचा पट.

एक तक्रार राहिली. माझ्या डब्यात सव्वाशे घरांतली लग्नं होती, लोकांच्या लेकीसुना. दुकानाकडे त्याची नक्कल दहा दिवस राहते, काही राहून गेलं तर म्हणून, मग ते पुसतात. हे मी विचारलं तेव्हा कळलं, आणि लिहून द्या म्हटल्यावर दिलंही. पण न विचारता छापील कागद पुढे यायला पाहिजे. डॉक्टरसुद्धा ऑपरेशनआधी सही घेतो.

आता माझ्याकडे डबा नवीन आहे, कूलरपासून लांब, रुमालाशिवाय, यूपीएसवर. सगळ्याची एक प्रत साध्या डिस्कवर कपाटात, आणि दुसरी ब्रह्मपुरीला बहिणीकडे, वरच्या माळ्यावर. ऑगस्ट २०२० मध्ये गोसीखुर्दचं पाणी आलं होतं तेव्हा मी तोच जुना डबा रातोरात डोक्यावर घेऊन वर चढलो होतो. पुराची भीती होती. पी-पी ची नव्हती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बहिणीकडे जातो, डिस्क बदलतो, जेवतो. भाऊजींना वाटतं मी जेवायलाच येतो.

ज्यांना या दुकानात जायचं आहे त्यांच्यासाठी: गणेशपेठ बसस्टँडवरून ऑटोवाला ऐंशी मागतो, साठात येतो. दुपारी दोन ते चार शटर अर्धं खाली असतं, वाकून आत जा, बसू देतात. डिस्कवर कप्प्याचा नंबर चिकटपट्टी लावून लिहा, काढायच्या आधी. एकावर एक रचून आणू नका. डबाही आणा, चार्जरसकट. काय काय केलं ते खरं सांगा, तसंही त्याला कळतंच. लिफ्ट आहे. बंद आहे.